उरलेली सव्वाअकरा मिनिटं

ईस्टरच्या तारखा वर्षामागून वर्ष ओळीने लिहीत गेलं, तर तोच क्रम पहिल्यापासून पुन्हा सुरू व्हायला ५७ लाख वर्षं लागतात. दिवसांत सांगायचं तर २०८ कोटी १८ लाख ८२ हजार २५० दिवस. चांद्रमासांत ७ कोटी ४ लाख ९९ हजार १८३. आधुनिक माणूस पृथ्वीवर येऊन जेमतेम तीन लाख वर्षं झाली. म्हणजे आपल्या जातीचं आजवरचं सगळं आयुष्य एकोणीस वेळा उलटेल, तेव्हा कुठे हा तक्ता एकदा संपेल. आणि हे ज्या नियमांतून निघतं ते नियम १५८२ साली रोममध्ये कागदावर, टाकाने, हातच्याची बेरीज करत ठरवले गेले.

ईस्टर म्हणजे वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. मराठी माणसाला हे अवघड वाटायचं कारण नाही. ती पौर्णिमा बहुधा एक तर होळीची असते नाही तर हनुमान जयंतीची. २०२४ साली ती होळीची होती, म्हणून ईस्टर ३१ मार्चला आला. २०२५ मध्ये ती हनुमान जयंतीची होती, म्हणून २० एप्रिलला. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ घालायला आपण अधिकमास धरतो, एकोणीस वर्षांत सात. रोमचे गणिती तोच एकोणीस वर्षांचा मेळ वापरतात, कारण चंद्र दोघांचा एकच. ग्रेगरियन नियमांत सूर्याची दुरुस्ती ४०० वर्षांच्या फेऱ्याने होते आणि चंद्राची २५०० वर्षांच्या. दोन्ही फेरे एकत्र जुळायला १०,००० वर्षं. तेवढ्यात चंद्राच्या तक्त्यातले तीस आकडे काही घरं सरकतात. ते मूळ घरी यायला असे तीस फेरे लागतात. त्याला एकोणिसाने गुणा. १०,००० गुणिले ३० गुणिले १९, बरोबर ५७ लाख. सातवीतल्या मुलाला जमेल असं गणित आहे.

एवढा उद्योग ज्यासाठी झाला तो आकडा मात्र अगदी लहान आहे. ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरलं होतं. खरं ऋतूंचं वर्ष त्याहून सव्वाअकरा मिनिटांनी लहान. वर्षाला सव्वाअकरा मिनिटं कुणाच्या लक्षात येणार? पण १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. इसवी सन ३२५ मध्ये निकेयाची धर्मपरिषद झाली तेव्हा वसंतसंपात २१ मार्चला धरला होता. १५८२ पर्यंत तो ११ मार्चवर घसरला. सण चुकीच्या चंद्राला बांधले जाऊ लागले, आणि सण चुकणं म्हणजे काय हे पंचांग पाहणाऱ्या घरात वेगळं सांगावं लागत नाही.

लुइजी लिलिओ या वैद्याने दुरुस्तीची योजना मांडली, येशूसंघाचे फादर ख्रिस्तोफर क्लावियस यांनी ती तपासून तडीस नेली, आणि पोप तेरावे ग्रेगरी यांनी फर्मान काढलं. गुरुवार, ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस शुक्रवार, १५ ऑक्टोबर. आविलाच्या संत तेरेसा नेमक्या त्याच रात्री वारल्या. म्हणून त्यांचा सण १५ ऑक्टोबरला येतो. एका रात्रीत दहा दिवस गेले आणि वार मात्र एकही चुकला नाही. क्लावियस यांच्या हाताखाली गणित शिकलेले मात्तेओ रिच्ची त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोवा सोडून मकावला निघाले होते. पुढे मराठीत ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स तेव्हा गोव्यातच होते.

आता थोडं खवचट गणित. नवं वर्षही तंतोतंत नाही. ते सुमारे २७ सेकंदांनी मोठं आहे. त्याचा एक दिवस व्हायला ३२०० वर्षं लागतात. म्हणजे ५७ लाख वर्षांचा तो देखणा तक्ता पुरा होईपर्यंत जवळपास १७८० दिवसांची चूक साचलेली असेल. वसंतसंपात तोवर बारा महिन्यांतून जवळजवळ पाच वेळा फिरून आलेला असेल. गणित निर्दोष आणि आकाश दुसरीकडेच! मुलांना हेही दाखवावं, नाही तर मोठा आकडा म्हणजे मोठं सत्य अशी समजूत होते.

मुलं म्हणजे कोणती, तेही सांगतो. अमेरिकेत २०१६ साली सुमारे १७ लाख मुलं शाळेत न जाता घरीच शिकत होती. त्यांत कॅथलिक घरंही आहेत. आईबाप स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुलांना गणित, लॅटिन, धर्मशिक्षण आणि विज्ञान शिकवतात. अशा घरात खगोलशास्त्र काढलं की दोन मोह पडतात. एक म्हणजे प्रत्येक ताऱ्याखाली बायबलचं वचन चिकटवायचं. दुसरा म्हणजे गॅलिलिओची गोष्ट निघाली की वकिली सुरू करायची. दोन्ही टाळता येतात, कारण या परंपरेजवळ प्रवचनापेक्षा चांगलं काहीतरी आहे. मोजून ठेवलेल्या वह्या आहेत. या वह्यांतला जवळजवळ प्रत्येक अजस्र आकडा कुणीतरी एखादा चिमुकला फरक चिकाटीने सोडला नाही म्हणून निघालेला आहे.

बोलोन्यातले जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली हे त्यातले माझे आवडते. येशूसंघीय, विद्वान, आणि विलक्षण हट्टी. त्यांना बरोबर एका सेकंदाचा झोका घेणारा लंबक हवा होता. तो तपासायचा कसा? १६४२ साली त्यांनी नऊ फादरांना कामाला लावलं आणि चोवीस तास पाळीपाळीने झोके मोजून घेतले. यायला हवे होते ८६,४००. आले ८७,९९८. फरक दोन टक्क्यांहूनही कमी, पण रिच्चोलींना तो सोसवेना. त्यांनी लंबक पुन्हा बदलला, पुन्हा मोजणी. अशा मोजणीत मध्येच शिंक आली तर काय करत असतील कोण जाणे. सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकाची दोरी ९९ सेंटिमीटरच्या थोडी वर लागते. दोरी, दगड आणि एक तास एवढ्यावर हा प्रयोग कुठल्याही घरात होतो. ३६०० मोजताना किती वेळा आकडा चुकतो हे कळलं की ८७,९९८ बद्दल आदर वाटू लागतो.

याच रिच्चोलींनी १६५१ च्या आपल्या ग्रंथात पृथ्वी फिरते की नाही यावर १२६ युक्तिवाद तपासले: ४९ बाजूने, ७७ विरोधात. निकाल चुकला. पण विरोधातला एक मुद्दा खरोखर जड होता. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांत ताऱ्यांच्या जागा थोड्या हललेल्या दिसायला हव्यात. त्या हलत नाहीत, म्हणजे तारे कल्पनेपलीकडे लांब हवेत. आणि तेवढ्या लांबूनही ते दुर्बिणीत टिकलीएवढे दिसतात, म्हणजे एकेक तारा राक्षसी मोठा हवा. ती टिकली दुर्बिणीतल्या प्रकाशाची फसवणूक होती, हे पुढे कळलं. ‘कल्पनेपलीकडे लांब’ हा अर्धा भाग मात्र शब्दशः खरा निघाला. चंद्रावरच्या शांतिसागराचं नावही याच ग्रंथातल्या नकाशातलं. १९६९ मध्ये माणूस तिथेच उतरला. विरोध करूनही त्यांनी चंद्रावरचं एक देखणं विवर कोपर्निकसच्या नावे केलं, हे मला त्यांच्या १२६ युक्तिवादांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

बोलोन्यातच सान पेत्रोनियोचं भव्य चर्च आहे. १६५५ मध्ये जोव्हान्नी दोमेनिको कासिनी यांनी त्याच्या छताला एक भोक पाडून घेतलं: जमिनीपासून २७ मीटरच्या थोडं वर, आणि व्यास उंचीच्या बरोबर हजाराव्या भागाएवढा, २७ मिलिमीटर. खाली फरशीवर उत्तर-दक्षिण जवळजवळ ६७ मीटर लांब रेषा आखली. रोज दुपारी सूर्याचं बिंब ती रेषा ओलांडतं. उन्हाळ्यात ते भोकाच्या जवळ, साधारण ताटाएवढं. हिवाळ्यात लांब टोकाला, पसरट आणि दुपटीहून मोठं. हा फरक तिरक्या किरणांचा. तो हिशेबाने वजा केला की खाली एक बारीक फरक उरतो. जानेवारीत पृथ्वी सूर्यापासून १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते, जुलैत १५ कोटी २१ लाखांवर. त्यामुळे बिंब ३.४ टक्क्यांनी लहानमोठं होतं. फरशीवर हा फरक सेंटिमीटरभर. जुन्या गणिताप्रमाणे तो याच्या दुप्पट यायला हवा होता, केपलरच्या गणिताप्रमाणे एवढाच. कासिनींनी मोजलं आणि केपलर बरोबर ठरला.

यातून पृथ्वी फिरते हे सिद्ध होत नाही. फिरणारा सूर्य धरूनही तो आकडा बसवता येतो. पण गंमत पाहा. गॅलिलिओला शिक्षा झाली २२ जून १६३३ रोजी. त्यानंतर बावीस वर्षांनी, पोपच्याच राज्यात, चर्चच्या फरशीवर केपलरच्या बाजूने पुरावा जमा होत होता. ईस्टरची तारीख बिनचूक लागावी म्हणून वर्षाची लांबी मोजायची, हे निमित्त. पोप दुसरे जॉन पॉल यांनी गॅलिलिओवर अन्याय झाल्याचं १९९२ मध्ये कबूल केलं. १६३३ ते १९९२ म्हणजे ३५९ वर्षं. हा आकडाही त्याच वहीत लिहायला हवा. तो गाळून बाकीचे शिकवणं ही लबाडी होईल.

रोममधल्या सांत इग्नात्सियो चर्चमधून नुसतं डोकावून जाऊ. तिथे घुमटासाठी दणकट खांब उभारले गेले, घुमट बांधायचं मात्र राहून गेलं, आणि १६८५ मध्ये त्या जागी घुमटाचं चित्र लावलं. त्या रिकाम्या खांबांवर १८५० च्या दशकात फादर आंजेलो सेक्की यांनी वेधशाळा बसवली आणि चार हजार ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांच्या जाती लावल्या. तारा कशाचा बनलाय हे विचारायला तेव्हा नुकतीच सुरुवात होत होती.

आता ज्यांच्यासाठी मी हे लिहायला बसलो त्या चौघी. १८८७ मध्ये पॅरिसला जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी ठरवलं की सगळ्या आकाशाची छायाचित्रं काढायची आणि त्यांतला एकेक तारा मोजून यादी करायची. वीसेक वेधशाळांनी आकाश वाटून घेतलं. एक पट्टा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला; मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. एक पट्टा आला व्हॅटिकनकडे, उत्तर आकाशातला, ५५ ते ६४ अंशांचा. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी वेधशाळा नव्याने उभी केली होती. छायाचित्रं काढणं सोपं होतं. काचेच्या प्लेटा साठल्या, पण मोजणार कोण? वेधशाळेने सिस्टरांच्या एका संस्थेकडे मागणी केली: नजर चांगली हवी, धीर हवा, पद्धतशीर कामाची आवड हवी. खगोलशास्त्र यायला हवं, असं म्हटलेलं नव्हतं.

सिस्टर एमिलिया पोन्झोनी, रेजिना कोलोंबो, कोंचेत्ता फिनार्दी आणि लुइजा पांचेरी. एकीने सूक्ष्मदर्शकातून काचेवरच्या काळ्या ठिपक्याची आडवी-उभी जागा आणि आकार वाचायचा, दुसरीने वहीत उतरवायचा. मग पुढचा ठिपका. १९१० ते १९२१. मध्ये पहिलं महायुद्ध आलं आणि गेलं. काम संपलं तेव्हा वह्यांत ४ लाख ८१ हजार २१५ तारे होते.

अकरा वर्षं धरली तर दिवसाला १२० तारे, रविवार आणि सणवार न वगळता. वेगळ्या मापाने बघू. पाच दशकांच्या जपमाळेत, सुरुवातीच्या तीन धरून, ‘नमो मरिया’ ही प्रार्थना ५३ वेळा येते. एका प्रार्थनेला एक तारा, रोज एक माळ, असं धरलं तर या चौघींचे तारे संपायला २५ वर्षं लागतात. एका माणसाच्या आयुष्यात बसतं. युरोपच्या गाया यानाच्या यादीत सुमारे १८० कोटी तारे आहेत. रोज एक माळ ओढत त्यांना ९३ हजार वर्षं. आणि आपल्या आकाशगंगेत तारे किती? कमीत कमी अंदाज घेतला तरी दहा हजार कोटी. त्यांना लागतील जवळजवळ ५२ लाख वर्षं. ईस्टरचा तक्ता संपायला तेव्हाही पाच लाख वर्षं शिल्लक असतील. या दोन आकड्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, ते शेजारी येणं निव्वळ योगायोग आहे. तरी मांडून पाहण्यात मजा आहे.

त्या वह्या वाया गेल्या नाहीत. तारे स्थिर दिसतात पण सरकत असतात, इतके हळू की माणसाच्या हयातीत कळत नाही. विसाव्या शतकाच्या शेवटी हिप्पार्कोस उपग्रहाने ताऱ्यांच्या जागा टिपल्या, तेव्हा तुलनेला जुनी मोजमापं हवी होती. ती याच जागतिक यादीतून मिळाली, ज्यात सगळ्या वेधशाळांचे मिळून ४६ लाखांच्या आसपास तारे आहेत. त्यातून २००० साली २५ लाख ताऱ्यांच्या गतींची यादी तयार झाली. एका टोकाला उपग्रह आणि दुसऱ्या टोकाला काचेवर वाकलेल्या सिस्टर. चौघींची नावं मात्र २०१६ पर्यंत कागदांतच राहिली. वेधशाळेचे एक वयोवृद्ध फादर दप्तर लावत होते, त्यांना ती सापडली. यादीवर नाव वेधशाळेचं, मोजणाऱ्या निनावी. हे फक्त चर्चमध्येच होत होतं असं नाही. त्या काळात मोठ्या वेधशाळांत मोजणीच्या टेबलावर बायकाच असत.

आपल्या बाजूचे दोन आकडे सांगून पुढे जातो. १६१८ मध्ये व्हेन्त्सेस्लाउस किर्विट्झर आणि त्यांच्या येशूसंघीय सोबत्यांनी गोव्यातून धूमकेतू पाहिले. भारतात दुर्बीण आकाशाला लावल्याच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. १६८९ मध्ये फादर जाँ रिशो पाँडिचेरीहून असाच एक धूमकेतू बघत असताना त्यांना नरतुरंगातला अल्फा तारा एक नसून दोन असल्याचं दिसलं. सूर्य सोडला तर नुसत्या डोळ्यांना दिसणारा आपला सर्वांत जवळचा शेजारी तोच. ‘जवळ’ म्हणजे ४१ लाख कोटी किलोमीटर, प्रकाशाला ४.३७ वर्षं. वसईच्या किनाऱ्यावरून मे महिन्यात रात्री दक्षिणेला क्षितिजावर जेमतेम दहा अंश वर तो दिसतो. रोमहून तो कधीच दिसत नाही.

मग येतात फादर जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे. पहिल्या महायुद्धात तोफखान्यावर होते, १९२३ मध्ये धर्मगुरू झाले. १९२७ च्या निबंधात त्यांनी विश्व प्रसरण पावतंय हे आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढलं आणि वेगही मांडला: दर ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागे सेकंदाला ६२५ किलोमीटर. आज हा आकडा ७० च्या आसपास धरतात. म्हणजे नऊपट चूक! दोष गणिताचा नव्हता; दीर्घिकांची अंतरंच तेव्हा फार कमी मोजली गेली होती. त्या वेगाने सरळ उलटं मोजत गेलं तर विश्वाचं वय दीडशे कोटी वर्षं येतं, आणि पृथ्वीवरचे दगड त्याहून म्हातारे आहेत. मुलांपुढे हा गुंता तसाच ठेवावा, सोडवण्याची घाई करू नये. अंतरं सुधारत गेली तसं वय वाढत १३८० कोटी वर्षांवर आलं.

१९३१ मध्ये लमेत्र यांनी विश्वाची सुरुवात एका आदिअणूपासून झाली असावी असं सुचवलं. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात विज्ञानाच्या या सुरुवातीचा संबंध थेट ईश्वरी निर्मितीशी जोडला. कुणाला वाटेल, फादर खूश झाले असतील. ते अस्वस्थ झाले. गृहीतक उद्या चुकीचं ठरलं तर श्रद्धाही त्याच्याबरोबर घसरणार का? आणि चुकलं नाही तरी समीकरणाला धर्माचा पाठिंबा कशाला? पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी ती जोडणी पुन्हा केली नाही. घरी शिकवणाऱ्या कॅथलिक आईबापांनी एकच प्रसंग निवडायचा असेल तर मी हा निवडेन. गॅलिलिओच्या खटल्याहूनही आधी. लमेत्र २० जून १९६६ रोजी वारले. त्या सुरुवातीची ऊब विश्वभर सापडल्याची बातमी त्यांना शेवटच्या दिवसांत आजारपणात कळली होती. ती ऊब म्हणजे निरपेक्ष शून्याच्या २.७ अंश वर. तिचे कण दर घनसेंटिमीटरला ४११. तुमच्या चहाच्या रिकाम्या कपातसुद्धा त्यांची संख्या पन्नास-साठ हजारांवर जाते.

व्हॅटिकन वेधशाळेची मुख्य दुर्बीण आता रोमजवळ नाही, दिव्यांच्या झगमगाटापासून लांब अमेरिकेत ॲरिझोनातल्या माउंट ग्रॅहमवर आहे, आरसा १.८ मीटरचा. आणि वेधशाळेचे संचालक २०२५ पासून फादर रिचर्ड डिसूझा आहेत, गोव्याच्या येशूसंघ प्रांतातले. भौतिकशास्त्राची पदवी मुंबईच्या सेंट झेवियर्सची. २०१८ मध्ये त्यांनी एरिक बेल यांच्यासोबत देवयानी दीर्घिकेवर एक निबंध लिहिला. देवयानी आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. तिच्या शेजारी एम ३२ नावाची एक लहानशी, विचित्र घट्ट दीर्घिका आहे. दोघांचं म्हणणं असं की ही छोटी मुळात छोटी नव्हती. आपल्या परिसरातली ती तिसऱ्या क्रमांकाची मोठी दीर्घिका होती. साधारण २०० कोटी वर्षांपूर्वी देवयानीने तिला गिळलं, आणि एम ३२ म्हणजे उरलेला गाभा. पुरावा देवयानीभोवती विखुरलेल्या मंद ताऱ्यांत आहे: ते किती आहेत आणि त्यांत जड मूलद्रव्यं किती. पुन्हा कडेला उरलेल्या अंधूक गोष्टींचाच हिशेब.

हे बघता येतं. नोव्हेंबर-डिसेंबरात, अमावस्येच्या सुमारास, गावाच्या दिव्यांपासून लांब, रात्री आठ-नऊच्या दरम्यान देवयानी जवळजवळ डोक्यावर असते आणि नुसत्या डोळ्यांना पुसट ठिपक्यासारखी दिसते. एम ३२ साठी मात्र दुर्बीण लागते. चार इंची पुरते. देवयानीच्या गाभ्याच्या दक्षिणेला पूर्ण चंद्राच्या रुंदीहून थोड्या कमी अंतरावर शोधायचं, आणि ती ताऱ्यासारखी टोकदार दिसत नाही, किंचित पिंजलेली दिसते, एवढं लक्षात ठेवायचं.